वार्तेचा धनी कोण?

मनुष्यास अन्नपाण्याच्या खालोखाल कशाची गरज असेल तर ती वार्तेची होय. चावडीवर, पाणवठ्यावर, बाजारात किंवा एस. टी.च्या थांब्यावर दोन माणसे भेटली की ‘काय नवीन?’ हाच पहिला प्रश्न निघतो. ही जिज्ञासा व्यर्थ नव्हे. पाऊस कोठे पडला, कांद्यास भाव काय निघाला, जनाई-शिरसाई योजनेचे पाणी केव्हा सुटणार, सरकारने कोणता नवा हुकूम काढला, हे ज्यास वेळीच कळत नाही त्यास त्याची किंमत मोजावी लागते. परंतु वार्ता ही नाण्यासारखी आहे. खरी असेल तर व्यवहार चालतो. खोटी असेल तर घेणारा फसतो. म्हणून नाणे जसे वाजवून घ्यावयाचे, तशी वार्ताही पारखून घ्यावयाची असते.

हल्ली वार्ता मिळण्याचे साधन झपाट्याने पालटत आहे. ज्या घरात सकाळी वर्तमानपत्राचा अंक येत असे, त्याच घरातील मुले आता उशाशी ठेवलेला मोबाइल उघडून जगाची खबर घेतात. ह्या पालटामुळे जुन्या वर्तमानपत्रांवर कोणता प्रसंग ओढवला आहे, ती त्यास कशी तोंड देत आहेत, आणि त्यात आम्हां सुपे भागातील लोकांचे हिताहित काय आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

प्रथम आपल्याच गावचे एक प्रकरण पाहू. सुप्याचे नाव हिंदुस्थानच्या इतिहासात विशेषेकरून आले आहे ते १२ मे १८७५ ह्या दिवसामुळे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) येथील कापसास चढलेला भाव युद्ध संपताच उतरला. पुढे नव्या आकारणीने सारा वाढला. आणि रयत सावकाराच्या कर्जात बुडाली. खतात काय लिहिले आहे हे वाचता येत नसताही त्यावर निशाणी करावयाची, आणि मग जन्मभर ते फेडावयाचे, अशी तिची दशा झाली होती. त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी सुप्याच्या पेठेत जमले, सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि त्यांच्या वह्या व खते त्यांनी जाळून टाकली. पाहता पाहता हे लोण पुणे व अहमदनगर ह्या दोन जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पोहोचले.

त्या काळी तार होती, टपाल होते, पुण्या-मुंबईस छापखानेही होते; परंतु खेड्यातील रयतेस अक्षरओळख नसल्यामुळे तिच्यापर्यंत वार्ता जाई ती तोंडोतोंडीच. अशा वेळी एक कंडी पिकली. कोणा एका इंग्रज गृहस्थास मारवाडी सावकाराने नागविले, त्याने राणीकडे अर्ज केला, आणि सावकारांनी खते परत द्यावीत असा हुकूम राणीने पाठविला, अशी ती कंडी होती. गावोगाव फिरता फिरता ती वाढत गेली. शेवटी, विलायतेतूनच आज्ञा आली आहे, खते हिसकावून घेतली तरी सरकारी अंमलदार काणाडोळा करतील, असा समज सर्वत्र दृढ झाला. वस्तुतः राणीने असा कोणताही हुकूम काढला नव्हता. साडेनऊशे लोक पकडले गेले आणि त्यांपैकी पाचशेंवर माणसांस शिक्षा झाल्या.

रयतेचे दुःख खरे होते, ह्याविषयी वाद नाही. सरकारनेही चौकशी मंडळ नेमले आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यान्वये शेतकऱ्याचे खत ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावे असे ठरले. म्हणजे कागदास एक जबाबदार साक्षी मिळाला. परंतु ज्या वार्तेच्या भरवशावर कित्येक जण पुढे सरसावले, ती वार्ता खोटी होती. ती प्रथम कोणी सांगितली हे कोणास ठाऊक नाही. सांगणारा मोकळा राहिला आणि ऐकणारा तुरुंगात गेला. ज्या वार्तेस धनी नाही, तिची गोष्ट ही अशी असते.

वर्तमानपत्राने समाजास जे दिले त्यात मोठे दान हेच, की त्याने वार्तेस धनी दिला. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढले. १८४२ साली अमेरिकन मिशनऱ्यांचा ‘ज्ञानोदय’ अहमदनगरास निघाला, १८४९ साली पुण्यास ‘ज्ञानप्रकाश’ निघाला, आणि ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’चा पहिला अंक प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जांभेकर हे एल्फिन्स्टन संस्थेत शिकवीत. आणि चिपळूणकर, टिळक व आगरकर हे तिघेही १८८० साली निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलचे शिक्षक होते. मराठी वर्तमानपत्राच्या घडणीत शाळामास्तरांचा हात असा प्रथमपासून आहे. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक पत्रावर छापणाऱ्याचे व प्रसिद्ध करणाऱ्याचे नाव आणि छापखान्याचे ठिकाण देणे भाग पडले. पुढे संपादकाचे नावही आवश्यक झाले. त्या कायद्याची जागा आता १ मार्च २०२४ पासून नव्या कायद्याने घेतली आहे. अंकाच्या अखेरीस बारीक अक्षरांत छापलेली ती एक ओळ बहुतेक वाचक पाहतही नाहीत. परंतु वर्तमानपत्राची सर्व प्रतिष्ठा त्या ओळीत आहे.

त्या ओळीची किंमत काय असते, हे ‘केसरी’च्या दुसऱ्याच वर्षी दिसून आले. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाविषयी तेथील कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर दोषारोप करणारी पत्रे हाती आली, आणि त्यांच्या आधारे टिळक व आगरकर यांच्या पत्रांतून मजकूर प्रसिद्ध झाला. खटला उभा राहिला. ती पत्रे बनावट निघाली. दोघांनी दिलगिरी प्रदर्शित केली, तरी १८८२ साली त्यांस चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. आगरकरांनी ह्या दिवसांची हकीकत पुस्तकरूपाने लिहिली आहे. ह्या प्रकरणाकडे आम्ही दोन दृष्टींनी पाहतो. बनावट कागद हा आजच्या युगाचाच शोध आहे असे नव्हे, आणि तो मोठमोठ्या विद्वानांसही फसवितो, ही एक गोष्ट. छापलेल्या शब्दास त्यांची नावे जोडलेली होती, आणि त्या नावांनी त्याचे मोल भरले, ही दुसरी. सुप्याच्या कंडीस जो धनी नव्हता, तो येथे होता.

आता वर्तमानपत्राचा संसार कसा चालतो ते पाहू. अंकाची जी किंमत आपण देतो, तीत त्याचा कागद, शाई, छपाई, वाहतूक व बातमीदारांचे वेतन हा सर्व खर्च भागत नाही. तूट भरून निघते ती जाहिरातींनी. ह्या व्यवस्थेवर पूर्वीही संकटे आली होती. १९२७ साली मुंबईस नभोवाणी आली. १९७२ साली दूरचित्रवाणी आली. दोन्ही वेळा वर्तमानपत्रांचा अंत होईल असे भाकीत करणारे होतेच. पण पत्रे वाढतच गेली. कारण, नभोवाणीवरची बातमी ऐकून लोक ती दुसऱ्या दिवशी सविस्तर वाचावयास घेत, आणि घर भाड्याने देणे, नोकरीची जागा, वधूवर पाहिजेत, असल्या छोट्या जाहिरातींस पत्रावाचून दुसरा आश्रय नव्हता.

इंटरनेटची गोष्ट निराळी झाली. १५ ऑगस्ट १९९५ पासून ते आपल्या देशात सर्वसामान्यांस खुले झाले. परंतु खेड्यापाड्यांत त्याचा खरा शिरकाव सप्टेंबर २०१६ नंतर, जिओ कंपनीमुळे मोबाइलवरील इंटरनेट एकदम स्वस्त झाले तेव्हा झाला. ह्या साधनाने बातमी तर नेलीच, पण जाहिरातही नेली. दुकानदारास आता आपली जाहिरात गूगल व फेसबुक यांवर नेमक्या गिऱ्हाइकापुढे ठेवता येते. जागा, नोकरी व विवाह यांच्यासाठी निराळी संकेतस्थळे झाली. वर्तमानपत्राच्या गोठ्यातील दुभती गाय शेजाऱ्याच्या दावणीस गेली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. त्यातच २०१९ साली बाहेरून येणाऱ्या वृत्तपत्री कागदावर दहा टक्के जकात बसली. पुढल्या वर्षी ती निम्म्यावर आणण्यात आली. परंतु त्याच वर्षी, म्हणजे २०२० च्या मार्चपासून, करोनाच्या साथीने सर्वच व्यवहार थांबविले. कागदाबरोबर रोग घरात येईल ह्या भीतीने लोकांनी अंक बंद केले. एप्रिलमध्ये घरोघर अंक टाकण्यास राज्य सरकारनेच काही काळ मनाई केली. अंक घेण्याची सवय एकदा मोडली ती कित्येक घरांत पुन्हा जडलीच नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘मुंबई मिरर’ हे इंग्रजी पत्र दैनिक म्हणून बंद झाले.

ह्या संकटास वर्तमानपत्रे अनेक प्रकारे तोंड देत आहेत. पहिला उपाय म्हणजे शत्रूच्याच शस्त्राचा स्वीकार. आज बहुतेक सर्व प्रमुख मराठी दैनिकांची संकेतस्थळे आहेत, मोबाइलवरील ॲप आहेत, आणि छापील पाने जशीच्या तशी दाखविणारे ई-पेपरही आहेत. दुसरा उपाय वर्गणीचा. अमेरिकेतील ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०११ पासून इंटरनेटवरील वाचकांकडून पैसे घेण्यास आरंभ केला, आणि आज त्याचे असे वर्गणीदार एक कोटीहून अधिक आहेत. परंतु आपल्याकडील वाचकांस इंटरनेटवरील बातमी फुकट मिळण्याची इतकी सवय झाली आहे, की चहाच्या एका पेल्याइतकी वर्गणीही त्यांस जड वाटते. तिसरा उपाय आपल्या वाचकाच्या अधिक जवळ जाण्याचा. नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यास ‘सकाळ’ काढला तेव्हा गावोगावच्या बातम्यांस त्यांनी मानाचे स्थान दिले. जिल्ह्या-जिल्ह्याच्या स्वतंत्र पुरवण्या हा त्याच मार्गाचा पुढला टप्पा होय. त्याच समूहाने २००५ साली केवळ शेतीस वाहिलेले ‘ॲग्रोवन’ हे दैनिक सुरू केले. जे दुसरीकडे सहज मिळत नाही ते द्यावे, हे ह्या उपायाचे मर्म आहे.

चौथा उपाय न्यायाचा व कायद्याचा. बातमी आणण्याचा खर्च आम्ही करावा आणि तिच्या आधारे जाहिरातींचा पैसा दुसऱ्याने न्यावा, हे न्याय्य नव्हे, असे वर्तमानपत्रांचे म्हणणे आहे. भारतीय वृत्तप्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून आपल्या देशाच्या स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या चौकशीचा आदेश दिला. ऑस्ट्रेलियाने २०२१ साली अशा कंपन्यांनी वृत्तसंस्थांस मोबदला द्यावा म्हणून कायदा केला. कॅनडाने २०२३ साली तसाच कायदा केला, तेव्हा फेसबुकच्या चालकांनी त्या देशात बातम्या दाखविणेच बंद केले. सामर्थ्य कोणाच्या हाती गेले आहे, हे ह्यावरून कळून येईल. काही पत्रांनी तर कागदाचा संसारच मोडला. लंडनच्या ‘इंडिपेंडंट’ने २६ मार्च २०१६ रोजी शेवटचा छापील अंक काढला, आणि ते आता केवळ इंटरनेटवरच निघते.

येथे नव्या साधनावर अन्याय होऊ नये म्हणून काही गोष्टी सांगणे अवश्य आहे. त्याची गती अजोड आहे. पूर, वादळ वा अपघात यांची खबर क्षणात मिळाल्याने प्राण वाचू शकतात. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबास गावाकडील बातमी त्याच दिवशी वाचता येते. केवळ इंटरनेटवर निघूनही जबाबदारीने काम करणाऱ्या वृत्तसंस्था आहेत; २ ऑक्टोबर २०१७ पासून बीबीसीची मराठी सेवाही ह्याच मार्गाने चालते. उलटपक्षी, छापील ते सर्व पवित्र, असेही कोणी समजू नये. २००९ च्या निवडणुकांत आपल्या राज्यातील कित्येक पत्रांनी उमेदवारांकडून पैसे घेऊन त्यांची स्तुती बातमी म्हणून छापल्याचे उघडकीस आले, आणि ‘पेड न्यूज’ हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला. जाहिरातीस बातमीचे सोंग देणे म्हणजे खोट्या नाण्यावर टांकसाळीचा शिक्का मारणे होय. तात्पर्य, कागद आणि काच हा खरा भेद नव्हेच. वार्तेस धनी आहे की नाही, आणि तो धनी प्रामाणिक आहे की नाही, हाच खरा भेद होय.

धनी नसलेल्या वार्तेने काय होते, ह्याचा पुरावा आपल्याच राज्यात १ जुलै २०१८ रोजी मिळाला. मुले पळविणारी टोळी आली आहे अशी कंडी त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून सर्वत्र फिरत होती. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. तेथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांस जमावाने ठेचून ठार मारिले. ती सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडची, पोटासाठी गावोगाव हिंडणारी माणसे होती. त्यांनी कोणाचे मूल नेले नव्हते. ती कंडी प्रथम कोणी लिहिली, हे मारणाऱ्यांपैकी कोणी विचारिले नव्हते. १८७५ साली कंडीस गावोगाव पोहोचावयास दिवस लागत. आता ती एका क्षणात शेकडो घरी जाते, एवढाच काय तो पालट. सुप्यात कागद जळाले; राईनपाड्यात माणसे गेली.

ह्यानंतर जे घडले ते विचार करण्याजोगे आहे. व्हॉट्सॲपच्या चालकांनी एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविता येऊ नये असा निर्बंध भारतात घातला. आणि खोटी बातमी कशी ओळखावी हे लोकांस सांगण्यासाठी त्याच जुलै महिन्यात पानभर जाहिराती दिल्या. त्या कोठे दिल्या? भारतातील छापील वर्तमानपत्रांत! कोट्यवधी लोकांच्या हाती पोहोचणाऱ्या कंपनीसही विश्वासाचे काम पडले तेव्हा कागदाचे दार ठोठवावे लागले. वर्तमानपत्रांपाशी अद्याप जी पुंजी शिल्लक आहे ती हीच. ती त्यांनी उधळली, तर कोणतेही ॲप त्यांस तारणार नाही.

आता आपल्या घरचा विचार. दिल्लीची वा अमेरिकेची बातमी आपणांस कोणी ना कोणी सांगेलच. परंतु आमच्या ह्या जिरायती पट्ट्यातील गावाच्या ग्रामसभेत काय ठरले, टँकरच्या खेपा कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती झाल्या, शाळेच्या वर्गखोल्यांचे काम का अडले, हे कोण सांगणार? त्यासाठी कोणी तरी सभेत बसले पाहिजे, दप्तर पाहिले पाहिजे, दोन्ही बाजूंस विचारिले पाहिजे, आणि शेवटी आपले नाव घालून ते लिहिले पाहिजे. हे काम आजवर तालुक्याच्या ठिकाणचा बातमीदार करीत आला. त्यास मिळणारे मानधन बहुधा तुटपुंजे असते. पुष्कळांस दुसरा धंदा सांभाळून, क्वचित् जाहिराती मिळवून, हे व्रत चालवावे लागते. ज्याच्याकडून जाहिरात घ्यावयाची त्याच्याच विरुद्ध बातमी लिहिणे किती कठीण, हे सांगावयास नकोच. वर्तमानपत्रांची मिळकत घटली की पहिली कुऱ्हाड ह्याच माणसावर पडते. तो गेला तर गावात वार्ता राहणार नाही असे नव्हे. वार्ता राहील, परंतु ती पुन्हा १८७५ सालासारखी निनावी होईल.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनी करावे काय? आमच्या मते चार गोष्टी कराव्यात. वार्ता हाती येताच ती कोणी, केव्हा व कोठून दिली हे पाहावे. नाव, दिनांक आणि ठिकाण ह्यांपैकी एकही नसेल तर ती निनावी पत्राप्रमाणे बाजूस ठेवावी. महत्त्वाची वार्ता निदान दोन स्वतंत्र ठिकाणी पडताळून पाहावी; एकच मजकूर दहा जणांनी पाठविला म्हणून साक्षीदार दहा होत नाहीत. जी वार्ता वाचताच राग वा भीती उसळते, ती पुढे धाडण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी. खरी असेल तर ती सकाळीही खरीच राहील. आणि चौथी गोष्ट वडील मंडळींच्या कानांवर घालावी: चांगल्या बातमीस मोल द्यावे लागते. मग तो घरी येणारा अंक असो की मोबाइलवरील वर्गणी असो, एका तरी विश्वासू पत्राचे घराने वर्गणीदार असावे. बातमीचे मोल वाचकाने दिले नाही, तर ते दुसरा कोणी तरी देतोच. आणि मग बातमीही त्याच्याच मर्जीची होते.

दीडशे वर्षांपूर्वी आमच्या ह्या गावच्या शेतकऱ्याने न वाचलेल्या खतावर निशाणी केली, कारण त्यास वाचता येत नव्हते. तो त्याचा दोष नव्हता. ती त्याची असहायता होती. आज आपल्या मुलामुलींस वाचता येते. असे असता न वाचलेली, न पारखलेली वार्ता जो अंगठ्याच्या एका दाबासरशी पुढे ढकलतो, त्यास तो शेतकरी काय म्हणेल? अक्षरविद्या मिळाली ती ह्याकरिता नव्हे. वर्तमानपत्रे पुढील काळात कागदावर निघोत वा काचेवर निघोत, आमचा त्याविषयी आग्रह नाही. आपल्या शब्दाखाली आपले नाव घालणारी माणसे मात्र राहिली पाहिजेत, आणि ते नाव पाहिल्यावाचून विश्वास न ठेवणारे वाचकही राहिले पाहिजेत. त्यांतील पहिले काम थोड्यांचे आहे. दुसरे काम प्रत्येकाचे आहे, आणि त्यास आजपासूनच आरंभ करता येईल.